संदर्भ हवा

२ जून
आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. दोन बाटल्या, दिवसातून सहा वेळा, एका औषधानंतर दहा मिनिटांनी दुसरं. मोबाइलवर गजर लावलेत. दहा दिवस रजा.
मधल्या दहा मिनिटांत विकिपीडियाचे अलीकडील बदल उघडते. कादंबऱ्यांची पानं माझ्या निरीक्षणसूचीत आहेत. दोनशेच्या वर झाली.

३ जून
माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर काल रात्री अकरा संपादनं. एकच सदस्य, खातं कालच उघडलेलं. कथानक तीन ओळींचं होतं, आता चार परिच्छेद. शेवटचा परिच्छेद कुठेतरी वाचल्यासारखा वाटला. माझी प्रत काढली. मलपृष्ठावरचा मजकूर, स्वल्पविरामासकट.
उलटवलं. संपादन सारांशात लिहिलं: प्रताधिकारभंग. अकराही संपादनं एका टिचकीत गेली.
गजर वाजला.

४ जून
इतिहासात जाऊन ती अकरा संपादनं एकेक करून वाचली. हे कालच करायला हवं होतं.
मलपृष्ठ फक्त शेवटच्या दोनांत. बाकी नऊ त्यांची स्वतःची. ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ आहे, पण वाक्यं उसनी नाहीत. शेकूकडे एकच बैल, औताच्या दुसऱ्या बाजूला त्याची बायको स्वतःला जुंपून घेते. हा प्रसंग त्यांनी दोन वाक्यांत सांगितलाय. एकही विशेषण नाही. मी ही कादंबरी चारदा वाचली आहे. मला असं लिहिता आलं नसतं.
आणि मध्येच एक वाक्य: ही वाडी खरी आहे, आमच्या गावापासून लांब नाही, आजोबा तिकडून लोकर आणत.
नऊ संपादनं परत आणली. आजोबांचं वाक्य मात्र लेखात ठेवता येत नाही. छापील आधार नाही. स्वतःची आठवण म्हणजे मूळ संशोधन, ज्ञानकोशात ते चालत नाही. उचलून चर्चा पानावर ठेवलं, पुसून टाकवलं नाही.
त्यांच्या चर्चा पानावर स्वागताचा साचा लावला. खाली दोन ओळी हाताने लिहिल्या. काल घाई झाली, क्षमस्व.

५ जून
उत्तर नाही.

६ जून
आईला वाचायला मनाई, टीव्हीही नको म्हणालेत. कंटाळली आहे. म्हणाली, तू सारखी त्या स्क्रीनवर काय तपासत असतेस, त्यापेक्षा मोठ्याने वाच काहीतरी. ‘बनगरवाडी’ हाताशीच होती. तीच वाचायला घेतली.
तिचं माहेर आटपाडीकडचं. ऐकता ऐकता मध्येच बोलते. आमच्या रानात मेंढरं बसवायचे, म्हणाली. रात्रभर वाघर लावून. सकाळी बाबा धनगराला जोंधळा मापून द्यायचे. लेंडीखतावर पुढची दोन पिकं निघायची.
वहीत लिहून घेतलं. लेखात जाणार नाही.

८ जून
‘मैलाचा दगड’ असा शोध घेतला. कादंबऱ्यांच्या लेखांतून एकामागून एक दगड निघाले. शिवाय ‘अजरामर’, ‘कालजयी’, ‘वाचकांच्या मनावर अधिराज्य’. ‘मृत्युंजय’वर तर तिन्ही एकाच परिच्छेदात.
काढताना जिवावर येतं. लिहिणाऱ्याला पुस्तक मनापासून आवडलेलं असतं. पण ज्याने पुस्तक पाहिलेलंच नाही त्याच्या हाती ‘अजरामर’मधून काय लागतं? त्या जागी लिहिलं: प्रकाशन १९६७. नऊ भाग. कर्ण चार वेळा बोलतो. कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण एकेकदा. भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कार, १९९४.
आता परिच्छेद लहान झालाय. पुस्तक मोठं दिसतंय.

९ जून
थेंब आता चार वेळा.

११ जून
साने गुरुजींचा स्मृतिदिन. ‘श्यामची आई’वर सकाळपासून अनामिक अंकपत्त्यांची रीघ. कोणी नावाआधी ‘पूज्य’ जोडतंय, कोणी पात्रांसमोर नटांची नावं. पुस्तकाचा लेख वेगळा, आचार्य अत्र्यांच्या १९५३च्या चित्रपटाचा वेगळा. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक चित्रपटाला मिळालं. ते दरवर्षी या दिवशी पुस्तकाच्या लेखात येतं, मी दरवर्षी परत नेते.
‘पूज्य’ काढलं. ‘गुरुजी’ ठेवलं, कारण तेच नाव झालं आहे.
दुपारी कोणीतरी, लहान मूल असावं, कथानकाच्या खाली एवढंच लिहिलं: मला माझी आई आठवली. पाच मिनिटं तसंच राहू दिलं. मग काढलं. सारांशात ‘चाचणी संपादन’ लिहितात, ते लिहवेना. रिकामाच ठेवला.
गुरुजी १९५० साली गेले. प्रताधिकाराची साठ वर्षं पूर्ण झाली, २०११ उजाडलं आणि पुस्तक सगळ्यांचं झालं. आता कोणीही अख्खं टंकून ठेवू शकतो. ‘फकिरा’ला २०३० उजाडेल. ‘ययाति’ला २०३७.

१२ जून
बँकेत रुजू. टेबलावर दहा दिवसांचे कागद. आईला दुपारचे थेंब शेजारच्या काकू घालतात.

१४ जून
ययाती राजाच्या लेखात, म्हणजे महाभारतातल्या ययातीच्या, अलका आणि मुकुलिका येऊन बसल्या आहेत. त्या खांडेकरांच्या ‘ययाति’तल्या. व्यासांकडे नाहीत. उचलून कादंबरीच्या लेखात नेल्या.
कोणीतरी परत आणेल. आपल्यापैकी कितीजणांनी महाभारत कादंबरीतून वाचलंय. मीही तशीच. नववीत असताना ‘मृत्युंजय’मधला शोण माझ्यासाठी भीमाइतकाच खरा होता.
‘स्वामी’चं प्रकरण जास्त अवघड. इतिहासाच्या लेखांत माधवराव आणि रमाबाईंचे संवाद अवतरणचिन्हांत टाकलेले असतात. खाली संदर्भ: स्वामी, रणजित देसाई. माधवराव १७७२ साली थेऊरला गेले. कादंबरी १९६२ची. मधल्या एकशेनव्वद वर्षांत तो संवाद कोणी ऐकून ठेवला? काढलं की लोक रागावतात. माझ्या आवडत्या पुस्तकांत ‘स्वामी’ आहे, हे त्यांना कसं सांगू.

१५ जून
‘ययाति’ की ‘ययाती’, यावर पुन्हा वाद. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी शेवटचा इकार दीर्घ. पुस्तकावर मात्र ऱ्हस्व छापलेला. माझं मत: राजा दीर्घ, पुस्तक जसं छापलं तसं. दुसऱ्या लेखनाकडून पुनर्निर्देशन. विकिपीडियाच्या चावडीवर लिहिलं. दोघांना पटलं, एकांना नाही.

१६ जून
नवे सदस्य अजून परतले नाहीत. त्यांच्या योगदानाच्या यादीत तीच अकरा.

१७ जून
एका जुन्या सदस्यांनी शेकूचा प्रसंग काढून टाकला. कारण: हे पालेकरांच्या १९९५च्या चित्रपटात आहे, कादंबरीत नाही.
चांगले संपादक आहेत. सावधपणे काम करतात. पण हे चुकलं. माझी प्रत उघडली. पान ५८. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला बायको.
प्रसंग परत आणला. कथानकाला सहसा संदर्भ देत नाहीत, कादंबरी हाच कथानकाचा संदर्भ. वाद उठला की पान द्यावं लागतं. दिलं: माडगूळकर, बनगरवाडी, पान ५८.
जुन्या सदस्यांनी लगेच आभाराचं बटण दाबलं. बरं वाटलं.

१९ जून
वाचन तालमीपर्यंत आलं. वाडीतली माणसं स्वतः तालीम उभारतात, उद्घाटनाला राजा येतो. आई एकदम म्हणाली, औंधचे पंत. मग म्हणाली, सूर्यनमस्कार. तिच्या वडिलांना शाळेत रोज घालावे लागत, पावसातसुद्धा.
लेखात ‘राजा’ एवढंच आहे. औंध संस्थान लिहायला काय लागेल याचा विचार करत झोपले.

२१ जून
कथानक नीट केलं. इंग्रजी विकिपीडियावर कादंबरीच्या कथानकाला साधारण ४०० ते ७०० शब्दांची चौकट आहे. आपल्याकडे एकतर दोन ओळी असतात नाहीतर अख्खं पुस्तक. चौकट बरी.
काळाचा प्रश्न उरतो. नव्या सदस्यांनी लिहिलं होतं: मास्तर आले, त्यांनी शाळा भरवली. कथानक वर्तमानकाळात हवं, कारण पुस्तक उघडलं की मास्तर आत्ता येतो. आणि ‘आले’ की ‘आला’? लेखकाला ‘यांनी’, पात्राला ‘ने’, असं मी पाळते. ‘मास्तर येतो, शाळा भरवतो’ असं केलं. वाचलं. बरोबर आहे. पण त्यांच्या ‘आले’मध्ये आजोबांच्या वयाच्या माणसाबद्दलचं काहीतरी होतं, ते गेलं.

२२ जून
ठाण्याला गेले. मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३पासूनचं. सकाळी दहा ते दोन.
‘बनगरवाडी’च्या लेखात ‘समीक्षा’ या मथळ्याखाली एकच ओळ आहे: समीक्षकांनी या कादंबरीची प्रशंसा केली. कोणी, कुठे, कधी? मुंबईपुण्याचं वर्तमानपत्र हल्लीचं असेल तर घरबसल्या सापडतं. १९५५च्या पुस्तकाबद्दल त्या काळी काय लिहिलं गेलं, ते बांधीव अंकांत. ‘सत्यकथा’ मासिक बंद पडूनही चाळीस वर्षं झाली. सूची हाताशी नसली तर अंक एकेक करून उलगडायचे. 
कुसुमावती देशपांडे यांचं ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ १९५०ला थांबतं. पाच वर्षांनी हुकलं. बांदिवडेकरांचं पुस्तक काढलं. नेमाड्यांचा मराठी कादंबरीच्या प्रेरणांवरचा निबंध पुन्हा वाचला. चार तासांत दीड पान टिपणं. लेखात यातल्या तीन ओळी जातील. प्रत्येक ओळीखाली पुस्तक, प्रकाशन वर्ष, पान.
आमच्या कादंबऱ्यांबद्दल लिहिलेलं कमी नाही. ते कपाटात आहे. कपाटापर्यंत कोणीतरी चालत जायला हवं, एवढंच.
येताना मुंब्र्याला गाडी अर्धा तास थांबली. पाऊस.

२३ जून
बोटं अजून धुळीने कोरडी.

२४ जून
दोन दिवसांची साफसफाई, एकत्र लिहिते.
‘बलुतं’ मराठी कादंबऱ्यांच्या वर्गात होतं. दया पवारांचं आत्मकथन आहे ते, १९७८चं. एका माणसाच्या खऱ्या आयुष्याला कादंबरी म्हणणं ही फक्त वर्गीकरणातली चूक नाही. काढलं. ‘कळ्यांचे निःश्वास’ही काढलं, तो कथासंग्रह.
‘पण लक्षात कोण घेतो?’ लेखात १८९०, लेखकाच्या पानावर १८९३. दोन्ही खरी. ‘करमणूक’मध्ये १८९०पासून क्रमशः, पुस्तक १८९३. दोन्ही लिहिली. ‘ययाति’ला कोणी १९६० केलं होतं. ते साहित्य अकादमीचं वर्ष, पुस्तक १९५९चं.
यंत्राने भाषांतर केलेला एक वैद्यकीय लेख. त्यात विषाणूच्या नावाआधी ‘कादंबरी’. इंग्रजीत ‘नवा’ या अर्थाचा जो शब्द, तोच कादंबरीचाही. यंत्राला काय कळणार, पण माणसाने न वाचता प्रकाशित केलं. बाणभट्टाने सातव्या शतकात आपल्या नायिकेला दिलेलं नाव. आम्ही ते एका अख्ख्या साहित्यप्रकाराला दिलं. आता ते विषाणूला चिकटलंय. ‘नवा’ केलं.

२५ जून
‘बनगरवाडी’वर संपादन. पान ५८चं कोणीतरी ४७ केलंय. सारांश नाही.
तेच, नवे सदस्य. तीन आठवड्यांनी परत आले ते आकडा बदलायला.
माझी प्रत पुन्हा उघडली. ५८. उलटवलं. लिहिलं: संदर्भातील पृष्ठ क्रमांक बदलू नयेत.

२६ जून
पुन्हा ४७. पुन्हा उलटवलं. या वेळी त्यांच्या चर्चा पानावर इशाऱ्याचा साचा लावला. आकडे बदलणं हा उत्पातातला सगळ्यात वाईट प्रकार. वाईट शब्द कोणालाही दिसतो. बदललेला आकडा वर्षानुवर्षं तसाच राहतो, पुढे छापलाही जातो.
जुन्या सदस्यांनी विचारलं, प्रचालकांना सांगून खात्यावर प्रतिबंध घालू या का. उद्या कळवते म्हटलं.

२७ जून
काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ. सही जुळेना. तीनदा घेतली. चौथ्यांदा त्यांनी खिशातून जुनं पासबुक काढलं, त्यावरची सही दाखवली. आमच्याकडचा नमुना नंतरचा, हात थरथरायला लागल्यावरचा. पासबुकावरची आधीची. आज औषधाने हात स्थिर होता, म्हणून जुन्यासारखी आली. दोन्ही त्यांच्याच.
रात्री साडेअकरा. मी संदर्भात आवृत्ती लिहिलेलीच नाही.

२८ जून
माझ्या प्रतीत आवृत्ती छापलेली आहे, साल आहे. दोन ओळींवर नजर टाकायची होती. इतरांच्या लेखांत मी कितीदा लिहिते: कृपया आवृत्ती नमूद करावी. 
टंक वेगळा, पानाचा आकार वेगळा, तर ५८चं ४७ सहज होतं. त्यांनी माझ्यासारखंच केलं. आपली प्रत उघडली, पान पाहिलं, बरोबर आकडा घातला.
इशारा काढला. जुन्या सदस्यांना कळवलं, प्रतिबंध नको, चूक माझी आहे. नव्या सदस्यांना लिहिलं: आपल्याकडची आवृत्ती कितवी, कोणत्या सालची, कृपया कळवाल का?
पाठवण्याआधी चारदा वाचलं. दोन साचे, दोन ओळी आणि एक प्रश्न, एवढंच त्यांना आमच्याकडून मिळालंय.

३० जून
उत्तर नाही.

२ जुलै
एका लेखकांचा निरोप. स्वतःच्या कादंबरीवर त्यांनी लेख लिहिला होता, वर ‘पानकाढा’ हा लेख हटवण्याचा साचा लागलाय. पुस्तक त्यांनी मला टपालाने पाठवलं होतं, मी ते वाचलं. चांगलं आहे. पण त्यावर कोणी कुठे परीक्षण लिहिलेलं नाही, स्वतंत्र आधार एकही नाही. उल्लेखनीयतेत बसत नाही. 
त्यांना लांब पत्र लिहिलं. पुस्तकात काय आवडलं तेही लिहिलं. लेख मात्र धूळपाटीवर हलवला. परीक्षण आलं की परत आणू.
चांगल्या पुस्तकावर कोणी लिहीत नाही, हे नियमाने सुटत नाही.

४ जुलै
‘रणांगण’च्या कथानकातला शेवटचा परिच्छेद एका वाचकाने काढला. चर्चा पानावर: शेवट का सांगता, आमची मजा घालवली.
ज्ञानकोशात शेवट लपवत नाहीत. परत घातला. बोट युरोपातून मुंबईकडे येते आहे, जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू तिच्यावर आहेत, पुस्तक १९३९चं. त्यांतल्या हॅर्टाचं पुढे काय होतं ते गाळलं, तर ही कादंबरी कशाबद्दल आहे तेच कळणार नाही. त्या वाचकाला तसं सविस्तर लिहिलं. तरी त्याचं वाईट वाटतंच. मी ते पान पहिल्यांदा कॉलेजच्या वाचनालयात, खिडकीजवळ, काहीही माहीत नसताना वाचलं होतं.
‘रणांगण’चे लेखक बेडेकर यांच्या लेखातून त्यांच्या पत्नी मालतीबाईंच्या लेखाला दुवा नव्हता. विभावरी शिरूरकर याच, एवढी ओळही नव्हती. घातली. त्यांची ‘हिंदोळ्यावर’ अजून लाल दुवा आहे, म्हणजे लेखच नाही. या पावसाळ्यात निळा करायचा.

७ जुलै
वाचन दुष्काळापर्यंत आलं. वाडी रिकामी होत चालली आहे. आई काही बोलली नाही. दिवा घालवल्यावर अंधारात म्हणाली, बहात्तर साली मी खडी फोडायला जात होते. सुकडी मिळायची.
हे मला माहीत नव्हतं.

९ जुलै
उत्तर आलं. जसंच्या तसं वहीत उतरवते, शुद्धलेखन त्यांचंच:
‘मॅडम पहीली चार पानं नाहीत. कव्हर पण नाही. आजोबांचं पुस्तक आहे, त्यांनी जिल्द बांधून घेतलेली. आवृत्ती कळत नाही. पण पान ४७ च आहे, मी खोटं लिहीत नाही.’

१० जुलै
शेवटचं वाक्य दिवसभर डोक्यात.
लिहिलं: आपण खोटं लिहीत नाही हे मला माहीत आहे. माझ्या प्रतीत तो प्रसंग ५८वर आहे. दोन आवृत्त्या आहेत, दोन्ही आकडे खरे. आपल्या प्रतीची आवृत्ती शोधायचा एक मार्ग आहे. पान ४७वरचा पहिला शब्द आणि शेवटचा शब्द कळवाल? शिवाय शेवटच्या पानाचा आकडा. एका पानावर ओळी किती, तेही मोजा.
हे मी कोणाकडून शिकले नाही. नोट फाटली की उरलेल्या तुकड्यावरून ओळखतो, तसं.

११ जुलै
तासाभरात उत्तर. दोन शब्द, आकडा, ओळींची संख्या. खाली: ‘तीन वेळा मोजल्या.’

१२ जुलै
थेंब संपले. चष्म्याचा नंबर काढला. उजव्या डोळ्याचं दिवाळीनंतर.

१४ जुलै
आईने शेवटची पंधरा पानं स्वतः वाचली, नव्या चष्म्याने. पुस्तक डोळ्यांपासून लांब धरून. मध्ये मध्ये थांबत होती. मी विचारलं, वाचून दाखवू? नको म्हणाली.

१५ जुलै
नव्या सदस्यांनी ‘कोसला’वर काम केलंय. कोणीतरी लिहिलं होतं: नेमाडे पुण्यात शिकायला येतात. त्यांनी ‘नेमाडे’ काढून ‘पांडुरंग सांगवीकर’ केलं. सारांशात लिहिलंय: हा लेखक नाही, हे पात्र आहे.
पहिल्यांदाच सारांश लिहिला. मी आभाराचं बटण दाबलं.

१८ जुलै
अण्णाभाऊंचा स्मृतिदिन. ‘फकिरा’ सकाळपासून धरून बसले. सत्तावीस भाषांत अनुवाद, असं कोणी लिहिलंय. कुठल्या भाषा, कोणी केले, कधी? ‘संदर्भ हवा’ लावलं. लगेच कोणी काढलं, लिहिलं: अण्णाभाऊंचा अपमान करू नका.
अपमान नाही हो. १९५९ साली एक माणूस ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करतो, हे लेखात दिसायला हवं तेवढं ठळक नाही. ते वर आणलं. भाषांचं चर्चा पानावर नेलं. एकेका अनुवादाचं नाव, अनुवादक, साल, अशी यादी करू या म्हटलं. रशियन कोणाला माहीत असेल तर फार बरं.
संध्याकाळी पाहिलं, यादीत एक ओळ पडली होती. नवे सदस्य. साल नाही, पण त्यांनी स्वतःच पुढे ‘संदर्भ हवा’ लावलंय.

१९ जुलै
चर्चा पानावर अजून ते वाक्य आहे: आजोबा तिकडून लोकर आणत. त्याखाली आज त्यांनी लिहिलं: हे छापलेलं कुठे मिळालं तर मी टाकीन, नाहीतर राहू दे इथंच.

२० जुलै
ठाणे. ‘बनगरवाडी’ची शेल्फवरची प्रत माझ्याच आवृत्तीची. जुन्या प्रती आतल्या कपाटात. ग्रंथपाल बाईंना चिठ्ठी दाखवली, पान ४७, दोन शब्द, ओळींची संख्या. त्यांनी दोनदा वाचली, किल्ली घेतली.
दोन प्रती निघाल्या. पहिली: ४७वर दुसराच प्रसंग. दुसरी जिल्दबंद, कडा तपकिरी, पानं उलटताना तुकडे पडतील अशी भीती. ओळी मोजल्या. बोटाने, मग पेन्सिलीच्या मागच्या टोकाने.
पहिला शब्द जुळला. पानाच्या खाली गेले. शेवटचाही जुळला.
मग पुस्तक मिटलं नाही, हळूहळू मागे मागे पानं उलटत गेले, पहिल्या चार पानांकडे.